कानांवर पोट असणाऱ्यांसाठी

आपल्या घरात कुणी स्वतंत्र संगीतकार असेल, तर त्याची रात्र आपल्या परिचयाची असेल. रस्ता शांत झाला की पंखा बंद, खिडक्या बंद, कानांवर हेडफोन. आणि पहाटे गाणे इंटरनेटवर. स्टुडिओचे भाडे वाचते, कानांचा हिशेब मात्र कुणी ठेवत नाही.

माझ्याकडे आलेल्या अशाच एका तरुणाच्या कानात सतत शिट्टी वाजत असे. बोलणे नीट ऐकू येई, म्हणून घरच्यांना तो जागरणाचा परिणाम वाटला. श्रवणचाचणीत आलेख ४००० हर्ट्झजवळ घसरलेला निघाला; मोठ्या आवाजाचा घाव बहुधा प्रथम तिथेच दिसतो. अंतर्कर्णातील केशपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानते. दर ३ डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी होते. म्हणजे ८९ डेसिबलला अवघे ५ तास. एक गाणे सजवताना तेवढे एका रात्रीतच संपतात!

“डॉक्टर, गाणे सोडू का?” त्याने विचारले. उपजीविका सोडायला मी कसे सांगावे? आता तो बरेचसे काम दिवसा, स्पीकरवर, हळू आवाजात करतो; तासाभराने उठतो. शिट्टी गेलेली नाही. पुढची चाचणी दिवाळीनंतर आहे.