दाब हवा, पण बेताचा

बांधवांनो, कल्याण-डोंबिवलीत आपल्या कित्येक घरांत वडिलांनी घामाच्या पगारातून घेतलेले एचएमटी घड्याळ जपलेले आहे. 1961 साली बंगळूरला सुरू झालेला तो घड्याळ-उद्योग बंद करण्याचा निर्णय सरकारने 2016 मध्ये घेतला. म्हणून ते सांभाळलेच पाहिजे. दाबाचे झाकण पकडीने बसवू गेले की काच तडकते. त्यासाठी हातप्रेस असते. खालची नायलॉनची चकती काचेला नव्हे, कडेलाच टेकावी. झाकणाची खाच चावीच्या दांड्याशी जुळवावी. मग सरळ दाबावे. ‘टक्’ वाजले की थांबावे.

वस्तीतल्या मुलांना आम्ही सांगतो, जोर सर्वांकडे असतो. तो कुठे, किती लावावा ही विद्या. आणि विद्येला जात नसते. हा हुन्नरही शिका. जय भीम!