वाटणीतल्या दोन खंड्या

१९८८ च्या उन्हाळ्यात आमच्या घरची वाटणी झाली, तेव्हा मी तिसरीत होतो. गाव नागभीड तालुक्यातले, धानाचे. पाच बांध्या होत्या आणि त्यांचे माप एकरांत न सांगता पिकणाऱ्या धानात सांगायची रीत होती: आठ, सात, सहा, पाच, चार खंडी. पंच म्हणून बसलेल्या म्हाताऱ्यांनी आठासमोर सात ठेवले, फरक एक. सहासमोर पाच, पुन्हा फरक एक. मग चाराची बांधी पहिला फरक फेडायला टाकली. तीन उरले, त्यांतला एक दुसऱ्या फरकाने फिटला. वडिलांकडे आठ आणि सहा. काकांकडे सात, पाच आणि चार. चौदा आणि सोळा. या दोन खंड्यांपायी दोघे भाऊ अकरा वर्षे एकमेकांशी बोलले नाहीत. (आत्याचा भाग कुणाच्या हिशेबातच नव्हता, तिची सही तेवढी घेतली गेली.)

ही हकीकत मी विसरत आलो होतो. स्टाफरूममध्ये भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्याने एक शोधनिबंध समजावून सांगितला आणि ती परत आली. मराठीच्या प्राध्यापकाने तंतुसिद्धांतावर लिहावे हे धाडसच. पण निबंधाच्या मुळाशी वाटणीच होती.

तंतुसिद्धांतात विश्वाची एकच घडण संभवत नाही. त्याच्या अतिरिक्त मिती अनेक प्रकारे दुमडता येतात आणि प्रत्येक प्रकारातून निराळे नियम असलेले विश्व निघते. २००३ साली काचरू, कॅलोश, लिंडे आणि त्रिवेदी यांनी अशी विश्वे दीर्घकाळ टिकू शकतील असा मार्ग दाखवला. यांतले संदीप त्रिवेदी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले. या शक्यतांचा आकडा एकावर पाचशे शून्ये असा सांगितला जातो. डोंगर आणि खोलगटे असलेला अफाट प्रदेश मानून त्याला ‘लँडस्केप’ म्हणतात; प्रत्येक खोलगट म्हणजे एक विश्व. आमच्याकडच्या माणसाला हे चित्र सोपे आहे. उतारावरचे पाणी बोडीत थांबते. खाली याहून सखल जागा आहे हे त्याला कळत नाही.

आपले खोलगट कोणते? १९९८ मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांच्या निरीक्षणांवरून कळले की विश्वाचे प्रसरण वेग घेत आहे. म्हणजे रिकाम्या अवकाशालाही ऊर्जा असावी. पण ती इतकी अल्प, की निसर्गाच्या स्वाभाविक मापात दशांशचिन्हानंतर सुमारे १२० शून्ये येतात. मोठमोठ्या धन-ऋण रकमा एकमेकींना जवळजवळ पूर्ण फेडतात आणि किंचित शिल्लक राहते. एका सोप्या प्रतिमानात प्रत्येक क्षेत्राला दोनच स्थिती असतात. कोणते कोणत्या बाजूला टाकले म्हणजे बेरीज शून्याजवळ येईल, हा प्रश्न. ‘शेत’ हा शब्द ‘क्षेत्र’ यावरूनच आला, हे इथे सांगितल्यावाचून राहवत नाही.

२००६ मध्ये डेनेफ आणि डग्लस यांनी दाखवले की असे खोलगट शोधणे हा संगणनशास्त्राच्या कुप्रसिद्ध कठीण प्रश्नांपैकी आहे. वाटणीचा प्रश्न १९७२ च्या रिचर्ड कार्प यांच्या यादीतही आहे. उत्तर हाती दिले तर तपासणे सोपे. शोधायचे तर, सर्व उदाहरणांना पुरेल अशी झटपट रीत कुणाला सापडलेली नाही, आणि ती नाहीच हेही सिद्ध झालेले नाही. पाच बांध्यांच्या सोळाच वाटण्या. प्रत्येक नवी बांधी ही संख्या दुप्पट करते. एकेक शक्यता तपासत गेले तर दृश्य विश्वाची सगळी गणनशक्तीही अपुरी पडेल. मग विश्व या खोलगटात पोचले कसे?

सहकाऱ्याने आणलेला निबंध २०१७ चा होता: बाओ, बूसो, जॉर्डन आणि लॅकी यांचा. प्रश्न सर्वसाधारणपणे कठीण असला तरी प्रत्येक उदाहरण कठीण नसते, हा त्यांचा मुद्दा. शंभर कोटी संख्यांच्या एका यादृच्छिक प्रदेशात त्यांनी हवी तेवढी अल्प शिल्लक प्रत्यक्ष शोधून दाखवली. त्यासाठी वापरलेली रीत १९८२ ची, कार्प आणि नरेंद्र करमरकर यांची. करमरकर म्हणजे ग्वाल्हेरच्या मराठी घरात जन्मलेले, मुंबईच्या आयआयटीत शिकलेले. रीत अशी: सर्वांत मोठ्या दोन संख्या समोरासमोर ठेवायच्या, त्यांच्या जागी फरक लिहायचा आणि पुन्हा तेच करत जायचे.

मी चहा तसाच ठेवला. आमच्या पंचांनी दुसरे काय केले होते?

सिद्धांत खरा आहे की नाही, हे कुणी प्रयोगाने दाखवलेले नाही आणि माझा आग्रहही नाही. पण ही रीत चांगले उत्तर देते, सर्वोत्तम देईलच असे नाही, हे वाक्य मला लागले. रात्री कागद घेतला. सात आणि आठ पंधरा. सहा, पाच, चार पंधरा. बरोबरीची वाटणी तिथेच होती.

वडील तेव्हा हयात नव्हते. दिवाळीत गावी गेल्यावर काकांसमोर काडीने अंगणात आकडे मांडले. त्यांनी बराच वेळ पाहिले.

“बोडीखालच्या दोन्ही बांध्या एकाकडं गेल्या असत्या,” ते म्हणाले. “तुया बापानं मानलं असतं का? म्या तं मानलं नसतं.”

मग त्यांनी पायाने आकडे पुसले आणि यंदा बोडीत पाणी किती उरले ते सांगू लागले.