‘माहीत नाही’ हेही उत्तरच!

दुपारचं स्वयंपाकघर आवरलं की घटकाभर पाठ टेकावी असं प्रत्येकीला वाटतं, हो की नाही? या उन्हाळ्यात माझी ती घटका आमच्या धाकट्या नणंदेनं बळकावली. मी लग्न होऊन भोकरला आले तेव्हा ती दहावीत होती. तिच्या दोन वेण्या मीच घालून द्यायची. आता ती मानसोपचार या विषयात एम.डी. करते आहे. तीन वर्षांचा अभ्यासक्रम संपत आलेला, परीक्षा तोंडावर. म्हणून अभ्यासाच्या रजेत माहेरी आली. बॅगेत कपडे दोन जोड आणि पुस्तकं वीस!

“वहिनी, तुम्ही शाळेत शिकवता. मला रोज प्रश्न विचारा ना!”

“अगं, मी बी.ए. मराठी. अर्धवेळ शाळेत व्याकरण शिकवणारी बाई. मला तुझ्यातलं काय कळणार?”

“कळायला नकोच. पुढे प्रश्न, मागे उत्तर. मी चुकले की थांबवा.”

मुलांच्या जुन्या वह्यांची उरलेली पानं कापून तिनं कार्डं केली होती. पहिले दोन दिवस ती नुसती वाचत होती आणि खाली रेघा ओढत होती. तिथं मात्र माझ्यातली बाई जागी झाली. वर्गात मी नेहमी पाहते, वाचताना सगळं येतं असं वाटतं आणि पुस्तक मिटलं की पाटी कोरी! म्हटलं, पुस्तक बंद. मोठ्यानं सांगायचं. कार्डं पत्त्यांसारखी पिसायची. चुकलेलं कार्ड परवा पुन्हा यायचं. तुमच्या घरी कुणी परीक्षेला बसलं असेल तर एवढं करून बघा, त्याला एम.डी.च असायला हवं असं नाही.

हळूहळू मलाही त्यात गोडी वाटू लागली. भ्रम आणि भास यांतला फरक ती इंग्रजीतून सांगताना अडखळली, तेव्हा मी म्हटलं, आपल्या दोरी-सापाच्या दाखल्यानं बघ. अंधारात दोरी पडली आहे आणि साप दिसला, तर तो भ्रम. दोरीच नाही आणि तरी साप दिसला, तर तो भास. आणि दिवा लावून दाखवलं तरी “शेजाऱ्यानं माझ्यावर साप सोडलाच आहे” यावर माणूस ठाम राहिला, तर ती त्याची पक्की खोटी समजूत. नणंद खूश! म्हणाली, “हे नाही विसरणार आता.”

ही परीक्षा नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. चार लेखी पेपर, मग प्रात्यक्षिक आणि तोंडी. प्रात्यक्षिकात एका अनोळखी रुग्णाशी सविस्तर बोलायचं, घरच्यांना विचारायचं आणि सगळं परीक्षकांपुढे मांडायचं. त्यातला एक नियम मला फार आवडला. रुग्णाची तक्रार आधी त्याच्याच शब्दांत लिहायची. “रुग्ण उदास आहे” हा डॉक्टरांचा शब्द झाला. आपली बाई म्हणते, “कशातच जीव लागत नाही”, “जिवाची घालमेल होते”, “डोकं भणभणतं”. हे शब्द तिच्या जाडजूड पुस्तकांत कुठून असणार? ते मी तिला गोळा करून दिले. मराठी घेऊन बी.ए. केल्याचा असाही उपयोग!

आणि मग एके दिवशी ते कार्ड आलं.

“वृद्ध रुग्णाला काही आठवत नाही. स्मृतिभ्रंश की नैराश्य? फरक सांगा.”

नणंदेनं डोळे मिटले आणि घडाघडा सुरू केलं. स्मृतिभ्रंश कधी सुरू झाला ते घरच्यांना नेमकं सांगता येत नाही. नैराश्यात बहुधा सांगता येतं. स्मृतिभ्रंशाचा माणूस विसरणं झाकतो, काहीतरी जुळवून उत्तर देतो. नैराश्याचा माणूस “मला काही आठवत नाही” अशी स्वतःच तक्रार करतो आणि विचारलं की प्रयत्न न करता “माहीत नाही” म्हणतो. नैराश्यात पहाटे लवकर जाग येते, सकाळ जड जाते, संध्याकाळी जरा बरं वाटतं. स्मृतिभ्रंशात पुष्कळदा संध्याकाळीच गोंधळ वाढतो. नैराश्यात भूक जाते, रस जातो, ‘मी घराला ओझं’ हा विचार येतो. १९६१ साली किलो नावाच्या मानसोपचारतज्ज्ञानं स्मृतिभ्रंशासारख्या दिसणाऱ्या अशा रुग्णांवर लेख लिहिला होता, म्हणून प्रश्न महत्त्वाचा.

उत्तर पुरं झालं. पण माझ्या हातून पुढचं कार्ड उचललं गेलं नाही. ओसरीवर सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

मैत्रिणींनो, खरं सांगते, आमचं ठरूनच गेलं होतं. गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी मामंजी गेले. शेत बटईनं दिलं आणि सासूबाईंना गावाकडून भोकरला आणलं. चाळीस वर्षं हळद शिजवण्यापासून विकण्यापर्यंतचा हिशेब तोंडी ठेवणारी ही बाई! इथं येऊन दूध उतू जाऊ लागलं, भाजीत मीठ दोनदा पडू लागलं. काही विचारलं की, “काय की माय, ध्यानातच राहिना झालंय.” आम्ही टी.व्ही.वर ‘अस्तु’ पाहिला होता. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २०१३ सालचा चित्रपट. त्यात विसर पडत गेलेल्या संस्कृत पंडिताचं काम डॉ. मोहन आगाशे यांनी केलं आहे, आणि ते स्वतः मानसोपचारतज्ज्ञ! झालं, आमच्या घरीही तेच, असं आम्ही मानलं. दाखवलं तिथंही ‘वय झालं’ एवढंच ऐकायला मिळालं. मग मी एकेक काम काढून घेतलं. “आत्याबाई, राहू द्या, तुम्हाला नाही जमायचं.” प्रेमानंच म्हणत होते हो! पण त्यांच्या हातात शेवटी भिंत तेवढी उरली.

मी हळूच नणंदेला म्हटलं, “तुझ्या कार्डावरचं सगळं आईंना लागू पडतं गं.”

ती चिडलीच. “वहिनी, अभ्यास करताना जो तो रोग घरात दिसायला लागतो. पहिल्या वर्षापासून सगळ्यांचं हेच होतं!” पुस्तक घेऊन आत गेली. पण रात्री पाणी प्यायला उठले तर ती आईच्या अंथरुणाशी बसलेली. डोळे पुसत म्हणाली, “रोज फोनवर बोलत होते. ‘बरी आहे’ म्हणायची आणि मी पुढचं विचारायचेच नाही. परक्या म्हातारीला मी तासभर विचारते, वहिनी!”

घरच्या माणसाचा इलाज आपण करू नये, म्हणून ती आम्हाला नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात घेऊन गेली. इथून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. आधी रक्त तपासलं: थायरॉईड, बी-१२, सोडियम, साखर. यांच्या कमीजास्तीनंही माणूस विसरतो, सुस्तावतो, आणि ते बरं करता येतं. मग प्रश्न. १९७५ साली फोल्स्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली तीस गुणांची एक चाचणी जगभर वापरतात. तीत शंभरातून सात-सात वजा करायचे असतात, वाक्य लिहायचं असतं. शाळेची पायरी न चढलेल्या बाईला हे विचारून नापास कसं करायचं? म्हणून हरियानातल्या बल्लभगडच्या खेड्यांमधून निरक्षर वृद्धांसाठी हिंदीत तशी निराळी चाचणी तयार झाली. हेही मला कार्डांनीच शिकवलं होतं.

डॉक्टरांनी विचारलं, “आजी, आज वार कोणता?”

“माहीत नाही.”

आम्ही घरी इथंच थांबत होतो. डॉक्टर थांबले नाहीत. गप्प राहून वाट बघत बसले. मग म्हणाले, “घाई नाही, आठवून बघा.” बराच वेळ गेला. “शुक्कीरवार. सकाळी सुनेनं गूळ-फुटाण्याचा नैवेद्य दाखवला की!” उत्तर अगदी बरोबर!

नंतर त्यांनी शांतपणे विचारलं, “जगू नये असं कधी वाटतं का?” माझ्या पोटात गोळा आला. असं विचारतात का कुणी? सासूबाई म्हणाल्या, “रोज वाटतंय. कुणाला सांगावं?” असं विचारल्यानं तो विचार मनात भरत नाही, उलट माणसाला मोकळं वाटतं, हे वाक्य मी स्वतः कार्डाच्या मागून दहादा वाचलं होतं. पण एका घरात राहून मी ते त्यांना कधी विचारलं नव्हतं.

औषध सुरू झालं ते अगदी कमी मात्रेनं. दोन आठवडे काही फरक नाही. ‘हे’ म्हणायला लागले, “बंदच करू या.” पण ही औषधं लागू पडायला दोन ते चार आठवडे लागतात, वृद्धांना त्याहून जास्त; आणि बरं वाटल्यावरही निदान सहा महिने, कधी त्याहून जास्त, ती चालू ठेवावी लागतात. नणंदेनं फोनवरून दटावलं, म्हणून आम्ही टिकलो. शिवाय मी काढून घेतलेली कामं एकेक करून परत दिली. आधी लसूण सोलणं, मग ताक घुसळणं.

सहावा आठवडा होता. मी कैरीचं लोणचं घालत होते. मागून आवाज आला, “तेवढ्या मिठात लोणचं टिकतंय होय? सरक तिकडं.” बायांनो, सुनेला सासूचं बोलणं इतकं गोड कधी लागलं नसेल!

सगळ्यांचंच असं होईल असं नाही. कधी दोन्ही आजार एकत्र असतात, तर कधी नैराश्यामागून स्मृतिभ्रंश येतो; म्हणून आमच्याही फेऱ्या चालूच आहेत. निदान डॉक्टरांनीच करावं. पण डॉक्टरांना लागते ती माहिती आपल्याजवळ असते. विसरणं कधीपासून सुरू झालं, झोप-भूक कशी आहे, दिवसाची कोणती वेळ जड जाते, आणि माणूस स्वतःच्या शब्दांत काय म्हणतो, हे चार दिवस वहीत टिपून न्या. जवळ तज्ज्ञ नसतील तर २०२२ पासून सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे, क्रमांक १४४१६. दिवसरात्र केव्हाही बोलता येतं.

नणंदेची परीक्षा झाली, निकाल लागायचा आहे. परवा तिचा फोन आला. सासूबाईंनी विचारलं, “पेपर कसे गेले?”

ती म्हणाली, “माहीत नाही.”

सासूबाईंनी फोन ठेवला नाही. म्हणाल्या, “असू दे. सांग सावकाश, मी बसलेय.”