पाण्याखालचं रान

गंटर्सव्हिल, अलाबामा
23 मार्च 2025

चि. बाळू यास अनेक आशीर्वाद.

आक्काच्या सोनूकडे हंट्सव्हिलला पोचून आठवडा झाला. काल शनिवारी तो मला त्याच्या होडीतून गंटर्सव्हिलच्या तलावावर घेऊन गेला. तू फोनवर म्हणालास, भिगवणात एक जुनी पत्र्याची होडी इंजिनासकट विकायला आहे आणि तू विसार द्यायच्या बेतात आहेस. माझी पत्रं संपेपर्यंत विसार देऊ नकोस. इथे रोज काहीतरी असं दिसतं की वाटतं, हे बाळूला कळलंच पाहिजे.

तलाव म्हणतात, पण आहे आपल्या उजनीसारखं धरणाचं पाणी. टेनेसी नदीवर 1939 साली बांध पुरा झाला आणि सव्वाशे किलोमीटरभर पाणी तुंबलं. त्याखाली शेतं गेली, रस्ते गेले, माणसांना उठून जावं लागलं. सोनू हे सांगत होता आणि मला पळसदेवकडचं आपलं उजनीत बुडालेलं रान दिसत होतं. ते पाण्याखाली गेलं तेव्हा तू पाचवीत होतास. विहिरीची मोट सोडवून आणताना अण्णा एक शब्द बोलले नव्हते.

इथले मासेमार तेच बुडालेलं रान शोधत फिरतात. बास मासा मोकळ्या पाण्यात उगाच हिंडत नाही. जुन्या ओढ्याची दरड, बुडालेला रस्ता, झाडाचं खोड, पाणगवताची कड अशा आडोशाला तो दबा धरून बसतो आणि समोरून भक्ष्य गेलं की एका झेपेत गिळतो. म्हणून इथला जाणता माणूस पाण्यावर येण्याआधी धरणापूर्वीचा नकाशा बघतो. तुला नकाशाची गरज नाही. आपली विहीर कुठे, पाटलांच्या मळ्याचा दगडी बांध कुठे, बाभळीची रांग कुठे, हे तुझ्या पायांना पाठ आहे. पाणी उतरलं की उन्हाळ्यात पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं, तेव्हा एकदा सगळं चालून ये आणि खुणा लिहून ठेव. पावसाळ्यानंतर त्याच खुणांवर गळ टाक.

बासची चाल ऐकून तुला आपली मरळ आठवेल. दोघांची जात वेगळी, पण गवतात दडून हल्ला करायची रीत एकच. बास धरायला इथे रबरी गांडूळ वापरतात. तंगूसात आधी गोळीच्या आकाराचं शिसं ओवतात, मग गळ बांधतात. गळाचं टोक गांडुळाच्या डोक्यातून घालून बाहेर काढतात, गळ फिरवतात आणि टोक पुन्हा गांडुळाच्याच अंगात लपवतात. त्यामुळे तो गवतात अडकत नाही. फेकल्यावर गांडूळ तळाला जाऊ द्यायचं, काठी हळूच वर उचलायची, पुन्हा पडू द्यायचं आणि थांबायचं. मासा बहुतेक वेळा गांडूळ खाली पडतानाच घेतो. हाताला नुसती टिचकी लागते, किंवा तंगूस कारण नसताना बाजूला सरकायला लागतं. लगेच झटका मारायचा नाही. आधी ढील गुंडाळून घ्यायची, मग काठी जोरात वर.

हे मी सोळाव्या की सतराव्या फेकीला शिकलो. मासा वर आला तेव्हा सोनूने त्याचा खालचा ओठ अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरला. बासचे दात म्हणजे कानशीसारखी खरखर, बोट कापत नाही. मरळीच्या तोंडात मात्र असं बोट कधी घालू नकोस. हिरवट अंग, कुशीवरून काळपट पट्टा, जबडा डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेला. सोनूने दुसरा ओला हात पोटाखाली घातला. जड मासा नुसत्या जबड्यावर लोंबकळत ठेवला तर त्याचा जबडा दुखावतो. मापाची पट्टी लावली तर मासा चौदा इंचांचा भरला. इथे पंधरा इंचांच्या आतला बास ठेवता येत नाही. सोडला. माझाही सात दिवसांचा परवाना काढला होता. परदेशी पाहुण्यालाही त्यातून सूट नाही.

तुझा दादा

मॅकरे, जॉर्जिया
27 मार्च 2025

चि. बाळू,

आम्ही होडी गाडीमागे जोडून फ्लोरिडाकडे निघालो आहोत. वाटेत हा मुक्काम मुद्दाम केला. इथून जवळच ऑकमल्गी नदीचं एक जुनं वळण आहे, माँटगोमरी लेक नावाचं. 2 जून 1932 रोजी जॉर्ज पेरी नावाच्या तरुण शेतकऱ्याने तिथे 22 पौंड 4 औंसांचा बास धरला, म्हणजे आपल्या हिशेबाने दहा किलोंचा. मंदीचे दिवस होते. वजन करून झालं आणि घरच्यांनी मासा शिजवून खाल्ला. जगातला तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. 2009 मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी तेवढी केली. रस्त्याकडेला पेरीच्या माशाचा फलक लावलाय. तो वाचताना माझ्या मनात आलं, त्या घरात त्या रात्री सगळे पोटभर जेवले असतील. त्यांचं काही चुकलं नाही.

पण पुढे मासेमार वाढले, इंजिनं वाढली. मग अलाबामाच्याच रे स्कॉट यांनी 1972 पासून आपल्या स्पर्धांमध्ये मासा जिवंत परत सोडायची रीत घातली. त्यामागचं कारण सोनूने सांगितलं. फार मोठा बास जवळजवळ नेहमी मादी असतो. अंडी घातल्यावर घरट्याची राखण मात्र नर करतो. तो उचलला की छोटे मासे काही मिनिटांत अंडी फस्त करतात. आपली मरळही तांबूस पिल्लांच्या थव्याखाली फिरते, तू पाहिलंयस. त्या थव्याखाली गळ टाकू नकोस, बाळू. एक मरळ ताटात येते आणि सगळा थवा जातो. चिलापी हवी तेवढी धर, ती मुळात आपली नव्हेच. बासही तसाच परका. बिवा सरोवरात तो पुन्हा पाण्यात सोडायलाच बंदी आहे. कोणी त्याची पिल्लं उजनीत आणायची गोष्ट काढली तर ऐकू नकोस.

आता होडीचं. दर थांब्यावर सोनू उतरतो आणि ट्रेलरच्या प्रत्येक चाकाच्या मधल्या हबवर हात ठेवून बघतो. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर बेअरिंग जायला आलंय. होडी उतरवताना ट्रेलरची चाकं पाण्यात जातात. धावून तापलेला हब गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. म्हणून आधी चाकं निवू द्यायची आणि ग्रीस भरलेलं ठेवायचं. ट्रेलर मागे घेताना हात स्टिअरिंगच्या खालच्या भागावर ठेव. ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा त्याच बाजूला हात सरकव.

गंटर्सव्हिलला एक गोष्ट घडली, ती आधीच्या पत्रात लिहिली नव्हती. घाईत बूच लावायचं राहिलं. होडीच्या मागच्या तळाला पाणी काढायला भोक असतं, त्याचं पितळी बूच. दहा मिनिटांनी मला माझे बूट ओले लागले. मागचा भाग जड होऊन बसत चालला होता. काठ जवळ होता म्हणून परत आलो. त्या दिवसापासून सोनूने बूच होडीच्या किल्लीला बांधलंय. किल्ली हातात आली की बूच हातात येतं. तूही तसंच कर.

जुनी होडी घेताना इतकं बघ. होडी जमिनीवर नीट टेकून ठेव, आत वीतभर पाणी भर आणि खाली वाकून बघ. जिथे थेंब धरेल तिथला रिव्हेट ढिला. इंजिन खालून धरून मागेपुढे हलव. ज्या फळ्यावर ते बसलंय तो लवला किंवा करकरला तर आतलं लाकूड कुजलंय, तो सौदा सोड. इंजिनाच्या गिअरचं तेल थोडं काढून बघ. दुधाळ निघालं तर आत पाणी शिरलंय. इंजिन पाण्यात चालू केल्यावर मागून बारीक धार जोरात पडली पाहिजे. ती नसेल तर आतला रबरी पंखा गेलाय, इंजिन तापून बसेल. आणि पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत ठेवू नकोस. इथल्यासारखं आपल्याकडेही आता त्यात इथेनॉल असतं, ते ओल ओढून घेतं.

तुझा दादा

ओकीचोबी, फ्लोरिडा
1 एप्रिल 2025

चि. बाळू,

हे शेवटचं पत्र. विसरलास तरी चालेल असं यात एकही वाक्य नाही.

ओकीचोबी तलावाच्या काठावर उभं राहिलं की पलीकडचा काठ दिसत नाही. एवढं पाणी, पण सरासरी खोली नऊ फूट. इथल्या लोकांना याच उथळपणाची भीती वाटते. वारा सुटला की उथळ पाण्यावर लाटा आखूड आणि उभ्या उठतात. एक पचवेपर्यंत दुसरी होडीच्या पुढच्या टोकावर, म्हणजे नाळेवर आदळते. 1928 च्या सप्टेंबरात वादळाने या तलावाचं पाणी दक्षिणेच्या वस्त्यांवर ओतलं. अडीच हजारांवर माणसं गेली, त्यात बहुतेक शेतावरचे गरीब कृष्णवर्णीय मजूर होते. त्यानंतर भोवती मोठा बांध घातला गेला. सोमवारी संध्याकाळी मी त्या बांधावर बसलो होतो आणि डोक्यात सारखं आपल्या उजनीवरचं कुगाव आणि कळाशी येत होतं. 21 मे 2024. वावटळ आली, होडी उलटली, सहा जण गेले. त्यात लेकरं होती. पोहता येणाऱ्याचासुद्धा तशा पाण्यात दम तुटतो.

म्हणून नीट वाच. तू पक्षी बघायला येणाऱ्यांना बसवणार आहेस. जितकी डोकी तितकी लाइफ जॅकेटं, आणि ती अंगावर, पट्टे आवळून. बसायच्या फळीखाली ठेवलेलं जॅकेट होडी उलटल्यावर कोणाच्या हाती लागत नाही. लहान मुलांना लहान मापाचं हवं. मोठं जॅकेट मूल पाण्यात पडलं की डोक्यावरून निघून जातं.

माणसं किती घ्यायची याचा इथे साधा हिशेब आहे. लांबी गुणिले रुंदी फुटांत, भागिले पंधरा. चौदा फूट लांब, पाच फूट रुंद होडी असेल तर साडेचारच्या थोडं वर येतं. म्हणजे चार, तुला धरून, आणि तेही पाणी शांत असताना. पाचवा माणूस दुप्पट पैसे देत असला तरी तो काठावरच राहू दे.

इंजिनाला एक लाल दोरी असते, तिचं एक टोक चालवणाऱ्याच्या जॅकेटला अडकवायचं. तो पाण्यात पडला की दोरी निघते आणि इंजिन बंद होतं. नाहीतर सुकाण सुटलेली होडी गोल फिरून पडलेल्या माणसावरच येते, पंख्यासकट. सव्वीस फुटांच्या आतल्या होड्यांवर ही दोरी वापरणं इथे 1 एप्रिल 2021 पासून कायद्याने बंधनकारक आहे. तू घेशील त्या इंजिनाला ती नसेल तर बसवून घे.

निघण्याआधी घरी सांग, कुठे जातोय आणि किती वाजता येणार. मेमध्ये दुपारी तीननंतर पश्चिमेला आभाळ काळं झालं की घरचा काठ बघू नकोस, जवळचा काठ बघ. वाऱ्यात सापडलास तर लाट कुशीवर घेऊ नकोस. नाळ थोडी तिरपी ठेवून लाटेला सामोरी धर, वेग कमी कर आणि सगळ्यांना खाली तळावर बसव. कोणीही उभं राहायचं नाही.

काल पहाटे आम्ही बांधाच्या आतल्या बाजूला लव्हाळ्यांपाशी गेलो. धुकं होतं. सोनूने इंजिन बंद केलं, बॅटरीची छोटी मोटर लावली. गवतावरून रबरी बेडूक सरकवत होतो. पाणी फुटलं, बेडूक नाहीसा झाला. मी एक, दोन असं मनात मोजून मगच काठी उचलली. साडेतीन किलोंची मादी होती, पोट अंड्यांनी तटतटलेलं. पोटाखाली हात घालून मी तिला पाण्यात धरलं. शेपटी एकदा हलली, दुसऱ्यांदा जोरात, आणि हात रिकामा झाला.

मी 20 तारखेला पुण्यात उतरतोय. तोवर होडी बघून ठेव, पैसे देऊ नकोस. आलो की दोघं मिळून तिच्यात पाणी भरू आणि खाली वाकून थेंब बघू. ती पक्की निघाली तर पहिल्या फेरीला गिऱ्हाईक नको. दोघंच जॅकेटं घालून आपल्या विहिरीवर जाऊ. इंजिन बंद करून थोडा वेळ तिथे थांबू. अण्णांना पुन्हा कधी तिथे जाता आलं नाही.

घरच्यांना आशीर्वाद, मुलांना पापा.

तुझा दादा