‘होय’वरची टिचकी

परतवाड्याच्या आमच्या कचेरीत एक जुने सागवानी कपाट आहे. पावसाळ्यात त्याचे दार फुगते आणि दोघांनी ओढल्याशिवाय उघडत नाही. त्यात बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या आहेत. अशी नोंदवही प्रत्येक धर्मग्रामाने ठेवलीच पाहिजे, असे धर्मसभेच्या कायद्याचे ५३५ वे कलम सांगते. आणि कलमाने सांगितले नसते तरी दाखल्यासाठी येणाऱ्या माणसांनी ती ठेवायला लावलीच असती. जुन्या नोंदी लॅटिनमध्ये आहेत, शाई तपकिरी पडली आहे. २०१५ साली ह्या वह्या संगणकावर उतरवून घेण्याचे आम्ही ठरविले. कामाला धर्मग्रामातलाच एक तरुण मिळाला. बारावी झालेला, टंकलेखनात चपळ. दीड वर्ष तो रोज संध्याकाळी येऊन बसत असे.

संगणकाविषयी आम्ही त्याला एकच उपदेश केला होता : यंत्र नवे काही घ्या म्हणाले तर घेत जा, जुने ठेवू नये. हा उपदेश त्या वेळी आम्हास फार शहाणपणाचा वाटला होता.

२०१६ च्या पावसाळ्यात एके दिवशी तो धर्मशिक्षणाच्या मुलांसाठी नोहाच्या तारवाचे चलचित्र शोधीत होता. पडद्यावर चौकट उमटली : तुमचा फ्लॅश प्लेअर जुना झाला आहे, नवी आवृत्ती घ्या. त्याने ‘होय’वर टिचकी मारली. तासाभरात एकही फाईल उघडेना. प्रत्येकीच्या नावाला भलतेच शेपूट चिकटले होते आणि डॉलरची मागणी करणारी इंग्रजी चिठ्ठी तेवढी स्वच्छ वाचता येत होती. दुसरी प्रत नव्हती. ती ठेवावी हे आम्हासच कधी सुचले नव्हते. रविवारी मिस्सा संपल्यावर, अंगणात लोकांदेखत, आम्ही त्याला नको तितके बोललो. तो एवढेच म्हणाला, “फादर, तुमीच त सांगतलं होतं जी, नवं मांगे त घेत जा म्हणून.” पुढच्या दिवसापासून तो यायचा बंद झाला.

त्यानंतर आम्ही ह्या विषयावर वाचू लागलो. कबूल करावयास हवे की, ते वाचन त्याचा दोष सिद्ध करण्यासाठीच होते.

प्रारंभीच्या ब्राउझरला मजकूर आणि स्थिर चित्रे एवढेच दाखविता येत असे. हलते चित्र, आवाज, खेळ हवे असतील तर बाहेरचा एक पाहुणा आत घ्यावा लागे. त्याला प्लगइन म्हणत. फ्लॅश हा त्यांतला सर्वांत लाडका पाहुणा. १९९६ मध्ये मॅक्रोमीडिया कंपनीने त्याला जवळ केले, २००५ मध्ये तो अॅडोबीच्या घरी गेला. त्याच वर्षी निघालेले यूट्यूब कित्येक वर्षे त्याच्याच जोरावर चालले. पण पाहुण्याला घरात कोठेही फिरण्याची मुभा होती. मधल्या भिंती नंतर घालण्यात आल्या, आणि त्याही पुरत्या पडल्या नाहीत.

त्याच्या अनेक दोषांपैकी एक सांगण्याजोगा आहे. एखाद्या विसराळू घरधन्याने कोनाडा रिकामा केला आणि तो रिकामा केल्याचे विसरला. चोराने तेवढ्यात तेथे आपली चिठ्ठी ठेवली. धनी परत येतो, चिठ्ठी आपलीच समजतो आणि तीत लिहिल्याप्रमाणे तिजोरी उघडून देतो. संगणकाच्या स्मृतीत फ्लॅश नेमके असे वागत असे. जुलै २०१५ मध्ये मिलानच्या ‘हॅकिंग टीम’ ह्या सरकारांना हेरगिरीची साधने विकणाऱ्या कंपनीचे दफ्तर फुटले, तेव्हा त्यात असे कोनाडे हेरून, चिठ्ठ्या लिहून तयार ठेवलेले आढळले. काही दिवसांतच ते भुरट्या चोरांच्या हाती गेले. फेसबुकचे सुरक्षाप्रमुख अॅलेक्स स्टॅमॉस ह्यांनी फ्लॅशच्या अंताची तारीखच जाहीर करा, अशी उघड मागणी केली. त्या एका वर्षात फ्लॅशमध्ये तीनशेहून अधिक दोष नोंदले गेले. मार्च २०१६ मध्ये तर न्यूयॉर्क टाइम्स आणि बीबीसी ह्यांच्या पानांवरील जाहिरातींतून अशा फटी शोधणारे कार्यक्रम पसरले. वाचणाऱ्याने टिचकी मारण्याचीही गरज नव्हती.

दोष इतके, म्हणून दुरुस्त्याही तितक्याच. खरा फ्लॅश दर महिन्याला, कधी महिन्यातून दोनदा, ‘नवी आवृत्ती घ्या’ म्हणत दारात उभा राही. सुरक्षित राहू पाहणाऱ्या भल्या माणसाचा हात ‘होय’वर आपोआप जाऊ लागला, आणि चोरांनी ही सवयच उचलली. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी ‘बॅड रॅबिट’ नावाचा खंडणीखोर कार्यक्रम रशिया आणि युक्रेनमध्ये पसरला, तो फ्लॅशच्या खोट्या दुरुस्तीचा वेष घेऊनच. कीव्हची मेट्रो आणि ओदेसाचा विमानतळ त्याच्या तडाख्यात सापडले. तेथे काम करणारी माणसे आमच्या मुलापेक्षा अधिक शिकलेली असणार. हे वाचले त्या रात्री आम्हास झोप लागली नाही.

आमचा उपदेश खोटा नव्हता, अर्धा होता. नवे घ्यावेच, परंतु ज्याने यंत्र वा कार्यक्रम बनविला त्याच्याच दारातून. वाटेत भेटलेल्या चौकटीच्या हातून नव्हे. ही दुसरी ओळ आम्ही त्याला कधी सांगितलीच नव्हती, कारण ती आम्हासच ठाऊक नव्हती. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० रोजी अधिकृतपणे संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्याने चित्रे दाखविणेही थांबविले. आता कोणत्याही पानाने फ्लॅश मागितला तर ते पान खोटे आहे, असे खुशाल समजावे. ब्राउझर हे काम आता स्वतःच करतो. तोही निर्दोष नाही : सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी नावाच्या चित्रप्रकारातील दोषासाठी क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनाही घाईने दुरुस्ती काढावी लागली.

तो मुलगा आता बस स्थानकाजवळ झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरण्याचे दुकान चालवितो. त्या दुकानावरून आम्ही कितीदा तरी मान खाली घालून गेलो होतो. गेल्या वर्षी एका दुपारी आत शिरलो. दोन गिऱ्हाइके बसलेली होती. ती उठून जाईपर्यंत थांबावे, असे मनात आले. पण बोललो होतो ते चारचौघांत, म्हणून क्षमाही त्यांच्यादेखतच मागितली. तो गोंधळला. “जाऊ द्या ना जी, फादर,” म्हणून त्याने खुर्ची पुढे केली, चहा सांगितला. मग थोडे थांबून विचारले, “वह्या अजून तशाच हायेत काय?”

तशाच होत्या. आता तो शनिवारी दुकान लवकर मिटून येतो. पैसे घेण्यास तयार नव्हता. आम्ही घ्यायला लावले. आतापर्यंत चार वह्या उतरल्या आहेत. काम आटोपले की तो एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेतो, तिची तार काढतो आणि ती कपाटात ठेवावयास जातो. पावसाळ्यात दार ओढायला तो आम्हास हाक मारतो.