मागचे पाटे

ओझ्याखाली लवलेली वस्तू दिसली की तिला टेकू द्यावा, ही मनुष्याची स्वाभाविक प्रेरणा आहे. फळी लवली की आपण तिच्याखाली विटा रचतो. आमच्या कचेरीत टेबल फायलींनी भरून गेले की शेजारी नवे कपाट येते. ओझेच कमी करावे, हे मात्र फार उशिरा सुचते.

आमच्या मामांचे असेच झाले. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी मिनीबस घेतली आणि रीतसर परवानगी काढून तिचे फिरते घर करविले. दोन बिछाने, ओटा, फ्रीज, बॅटऱ्या आणि अगदी मागच्या टोकाला दीडशे लिटरची पाण्याची टाकी. मामींचे गुडघे अधू. तेव्हा नर्मदेची परिक्रमा गाडीतूनच करावी, असा दोघांचा संकल्प होता. परंतु सामान भरताच गाडी मागून बसली. इंदूरहून ओंकारेश्वरास जाताना भेरूघाट उतरावा लागतो. असल्या गाडीने हे दोन वृद्ध जीव तो उतरणार, या विचाराने माझे चित्त स्वस्थ नव्हते.

मामांचा उपाय ठरलेला होता : मागच्या बाजूस दोन जादा पाटे घालायचे. उपाय वरकरणी बिनतोड होता. स्प्रिंग भाराच्या प्रमाणात वाकते, हा नियम रॉबर्ट हूकने १६७८ साली मांडला. पाटे वाढविले की तोच भार अधिक पाट्यांवर वाटला जातो. ते कमी वाकतात आणि गाडी वर उचलली जाते. पाट्याची जाडी दुप्पट केली, तर त्याचा ताठपणा आठपट होतो. वळणावर गाडी कमी कलते. बघणाऱ्यास वाटते, गाडीची शक्तीच वाढली! खरे पाहता वजन होते तेवढेच राहते. ते आस, बेअरिंगे, टायर आणि ब्रेक यांनाच सोसावे लागते. आणि वर नवे पाटे आले म्हणून त्यांची ताकद काही वाढत नाही. कायदाही पाटे मोजत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ११३ वे कलम नोंदणीपत्रातील कमाल वजनाकडेच बोट दाखविते.

आम्ही मिस्त्रीकडे गेलो. त्याने गाडीखाली डोकावून एवढेच म्हटले, "पहले काँटा करवा लाओ." इकडे वजनकाट्याला धर्मकाँटा म्हणतात. त्या दिवशी मला तो शब्द फार अर्थपूर्ण वाटला. प्रथम पूर्ण गाडी काट्यावर घेतली. मग केवळ मागची चाके. एकूण वजन मर्यादेत होते. मागच्या आसावर मात्र सुमारे १४० किलो अधिक भरले.

हे कसे, ते मी कागदावर मांडून मामांना दाखविले. दोन्ही आसांतील अंतर ४ मीटर. टाकी मागच्या आसाच्याही १ मीटर मागे. तेथे भरलेले १५० किलो पाणी तरफेप्रमाणे काम करते. मागचा आस साडेसत्याऐंशी किलोंनी नव्हे, तर तब्बल साडेसत्त्याऐंशी अधिक शंभर, म्हणजे १८७.५ किलोंनी दाबला जातो आणि पुढच्या आसावरचे ३७.५ किलो उचलले जातात. पुढची चाके हलकी झाली की सुकाणू आणि ब्रेक यांची जमिनीवरील पकड सैल होते. तीच टाकी दोन्ही आसांच्या मधोमध बसविली, तर प्रत्येकाच्या वाट्यास ७५ किलो येतात. पाण्याचा थेंबही न सांडता मागचा भार ११२.५ किलोंनी उतरतो.

राहिलेले वजन मामींनी उतरविले. मागच्या कप्प्यात घरगुती गॅसची दोन भरलेली सिलिंडरे होती; एकेकाचे वजन तीस किलोंच्या आसपास. मामा एकही सोडावयास तयार नव्हते. मामी म्हणाल्या, "अहो, आपण परिक्रमेला निघालोय, बिऱ्हाड हलवायला नव्हे!" ज्या वाटेवर पिढ्यान्‌पिढ्या परिक्रमावासी एक झोळी घेऊन चालले आणि तीरावरच्या लोकांनी त्यांना सदावर्त दिले, त्या वाटेस निघालेल्या माणसाजवळ यावर उत्तर नव्हते. एक सिलिंडर घरी राहिले.

पाट्यांचे काम मग झालेच. सदैव भरलेल्या गाडीचे पाटे कालांतराने आपला बाक गमावून बसतात. मिस्त्रीने थकलेले पाटे काढून मूळ मापाचे घातले, झिजलेले बुश बदलले, यू-बोल्ट आवळले. जादा पाटा एकही घातला नाही. गाडी समतल उभी राहिली.

मला वाटते, पाट्याचे वाकणे ही तक्रार असते, आणि तक्रार करणारा गप्प झाला म्हणजे कारण नाहीसे होत नाही. पाटा वाकून सांगतो; त्याचे ऐकले नाही, तर टायर फुटून सांगतो, आणि तोही घाटात.

चातुर्मास संपल्यावर मामा-मामी निघाले. निघण्यापूर्वी सारे सामान भरून मामांनी गाडी पुन्हा धर्मकाँट्यावर नेली. या खेपेस मला काही सांगावे लागले नाही.