हावड्याचा हिशेब

पुण्याहून आझाद हिंद एक्स्प्रेस पकडायची, नागपूर, रायपूर, टाटानगर, खडगपूर मागे टाकत हावड्याला उतरायचं आणि उतरल्या उतरल्या टॅक्सी करून हावडा सोडून द्यायचं, असं आपल्यापैकी बहुतेकांचं होतं. तेवीस फलाटांचं ते अवाढव्य स्टेशन, तिथलं 'बडी घडी' नावाचं जुनं घड्याळ आणि बाहेर आलं की समोर उभा ठाकलेला १९४३ सालचा तो नट-बोल्टांशिवाय उभारलेला पूल. पूल ओलांडला की कोलकाता. हावडा म्हणजे जणू कोलकात्याचा उंबरठा. उंबरठ्यावर कोण थांबतं?

मी मात्र थांबतो, कारण माझा मावसभाऊ नोकरीच्या निमित्ताने शिबपूरला गेला, तिथल्याच मुलीशी लग्न करून तिथलाच झाला. माझ्या वहिनीला पुरणपोळी उत्तम येते आणि दादाला माशाचे काटे बंगाल्यांच्या सफाईने काढता येतात. घरात वहिनीचे वडीलही असतात. सगळे त्यांना 'दादू' म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. रेल्वेतून निवृत्त झालेले, ऐंशी ओलांडलेले आणि जन्मापासून मोहन बागानचे.

२०२५ च्या एप्रिलमध्ये मी गेलो, तेव्हा दोन दिवसांत पोयला बैशाख होता. पोयला बैशाख म्हणजे बंगाली वर्षाचा पहिला दिवस. आपल्याकडे दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजन होतं, तसा तिथे दुकानदार 'हालखाता' करतात. नवी लाल वही उघडायची, जुनी बाकी मिटवायची, गिऱ्हाइकाला मिठाई द्यायची. दादूंचं दुकान कधीच नव्हतं, पण हिशेब मात्र होता. तो पुढे सांगतो.

नदीखालून मैदानाकडे

पोयला बैशाखच्या सकाळी दादू, माझा सोळा वर्षांचा पुतण्या आणि मी टोटोने, म्हणजे बॅटरीवरच्या रिक्षाने, हावडा मैदान स्टेशन गाठलं. मार्च २०२४ पासून इथून मेट्रो हुगळी नदीच्या खालून एस्प्लनेडला जाते. नदीखालचा बोगदा ५२० मीटरचा. गाडी तो पाऊण मिनिटात पार करते, आणि निळे दिवे लागल्यामुळेच काय ते कळतं की डोक्यावर नदी आहे. दादू म्हणाले, "आमच्या वेळी लाँचने जायचो. मॅच हरलो तर परतताना कुणी कुणाशी बोलायचं नाही. आता दुःख करायलाही पंचेचाळीसच सेकंद मिळतात!"

कोलकात्याच्या मैदानावर फुटबॉल क्लबांचे 'तंबू' आहेत. नाव तंबू, पण चांगल्या पक्क्या इमारती. पोयला बैशाखला तिथे 'बारपूजा' असते. गोलपोस्टच्या आडव्या दांड्याला हार घालून, गंध लावून, भटजी मंत्र म्हणतात आणि मोसमाची सुरुवात होते. त्यातून तीनच दिवसांपूर्वी, १२ एप्रिलला, मोहन बागानने बंगळुरूला २-१ असं हरवून आयएसएलचा चषक जिंकला होता. हिरव्या-मरून झेंड्यांना काही सुमार नव्हता.

पूर्वी बारपूजेला माणसं एवढ्यासाठी येत की यंदा आपल्याकडे कोण आलं आणि कोण गेलं ते डोळ्यांनी बघता यावं. कारण त्याआधीच 'दलबदल' झालेला असे. खेळाडूंनी क्लब बदलण्याचा तो मोसम म्हणजे कोलकात्याचा दुसरा दुर्गोत्सवच. फुटबॉल संघटनेच्या कचेरीत खेळाडू स्वतः सही करायला यायचा, म्हणून क्लबची माणसं त्याला आधीच कुठेतरी नेऊन लपवून ठेवत. मावशीच्या गावी, कुणाच्या बागेतल्या बंगल्यात, कुठेही. १९८५ मध्ये कृशानु डे आणि विकास पांजी ही जोडी मोहन बागान सोडून ईस्ट बंगालला गेली. चाळीस वर्षांनीही दादू ते सांगताना घरातली चांदीची भांडी चोरीला गेल्यासारखा चेहरा करतात.

देणारं गाव

परतताना दादूंनी हावडा महापालिकेच्या स्टेडियमकडे बोट दाखवलं. त्याला शैलेन मन्नांचं नाव आहे. मन्ना हावड्याचे. हावडा युनियनमधून खेळायला लागले आणि १९४२ मध्ये नदीपलीकडे मोहन बागानला गेले. १९६० पर्यंत तिथेच राहिले. १९५१ च्या दिल्लीतल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताने फुटबॉलचं सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा मन्ना कर्णधार होते.

"मोहन बागानला मन्ना मिळाला," दादू म्हणाले, "पण हावडा युनियनला काय मिळालं? हे कुणी लिहीत नाही. मी बागानचा माणूस, तरी सांगतो. आमचं हे देणारं गाव आहे. लोखंड ओतायचं आमच्या भट्ट्यांनी आणि पूल म्हणायचा कोलकात्याचा. पोरं वाढवायची आम्ही आणि नाव व्हायचं पलीकडच्यांचं."

घरी लुची, छोलार दाल आणि पाटिशाप्टा असा बेत होता. जेवणानंतर दादूंनी त्यांची वही काढली. लाल पुठ्ठ्याची, खऱ्या हालखात्यासारखी. प्रत्येक पानावर दोन रकाने, 'दिला' आणि 'आला'. शेवटी शेरा, तोही पेन्सिलीने. कारण दरवर्षी पोयला बैशाखला ते शेरे पुन्हा वाचतात आणि पटलं नाही तर खोडतात. फुटबॉलपासून सुरू झालेली ही वही आता आयपीएलवर आली आहे. तिथे खेळाडूंची सरळ अदलाबदल होते, आणि दादूंच्या मते तो दलबदलचाच नातू.

त्यांचं आवडतं पान मनोज तिवारीचं. मनोजही हावड्याचाच. आयपीएल सुरू झाली तेव्हा हा बंगालचा फलंदाज दिल्लीकडे होता. २०१० च्या मोसमाआधी कोलकाता नाइट रायडर्सने मोझेस हेन्रिक्स हा ऑस्ट्रेलियाचा तरुण अष्टपैलू दिल्लीला दिला आणि बदल्यात मनोज तिवारी आणि ओवेस शाह घेतले. तेव्हा पाड्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, चहाच्या टपरीवर दोन तट पडले. एक म्हणत, बावीस-तेवीस वर्षांचा गडी, बॉलिंग टाकतो, बॅटिंग करतो, असा हिरा कुणी देतं का? दुसरे म्हणत, आपला पोरगा घरी आला, आणखी काय हवं?

दादूंनी त्या वेळी शेरा लिहिला होता: 'तोटा'. तो त्यांनी खोडला २७ मे २०१२ नंतर. चेन्नईत अंतिम सामना, समोर चेन्नईच्या १९० धावा, शेवटच्या षटकात नऊ हव्या होत्या. मनोजने सलग दोन चौकार मारले आणि कोलकात्याने पहिला चषक उचलला. नवा शेरा: 'नफा, व्याजासकट'.

पण वही तिथे मिटत नाही. हेन्रिक्स पुढे हैदराबादकडून खेळला आणि २०१६ मध्ये विजेत्या संघात होता. मनोज २०१४ मध्ये पुन्हा दिल्लीला गेला. २०१७ मध्ये तो आमच्या पुण्याकडून खेळला, तेव्हा मीही टीव्हीपुढे बसलो होतो. अंतिम सामन्यात शेवटच्या षटकात अकरा हव्या होत्या. मनोजने पहिल्याच चेंडूवर चौकार मारला आणि दुसऱ्यावर झेल दिला. मुंबईने एका धावेने सामना जिंकला. मी हे बोललो तर दादू एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "तुमच्या वहीत तो कुठल्या रकान्यात आहे?" मला उत्तर देता आलं नाही.

त्याच संध्याकाळी

संध्याकाळी कोलकात्याचा सामना होता पंजाबशी, मुल्लांपूरला. पंजाबचा कर्णधार श्रेयस अय्यर. २०२४ मध्ये याच श्रेयसच्या नेतृत्वाखाली कोलकात्याने चषक जिंकला होता, पण पुढच्या लिलावाआधी त्याला राखून ठेवलं नाही आणि पंजाबने पावणेसत्तावीस कोटींना त्याला घेतलं. कोलकात्याचा कर्णधार आता अजिंक्य रहाणे. म्हणजे दोन्हीकडे मुंबईकर! मला कुणाच्या बाजूने ओरडावं तेच कळेना.

पंजाब १११ धावांत गारद झाला. श्रेयस तर शून्यावर बाद. टपरीवर हशा पिकला. "बरं झालं सोडला," कुणीतरी म्हणालं. मुढी आणि तेलेभाजा, म्हणजे चुरमुरे आणि भजी, फिरली. कोलकाता २ बाद ६२ पर्यंत पोचलं. मग रहाणे पायचीत झाला. त्याने रिव्ह्यू घेतला नाही, आणि नंतर पडद्यावर दिसलं की चेंडू ऑफ स्टंपच्या बाहेर पायाला लागला होता. त्यानंतर पत्त्यांचा बंगला कोसळावा तसे सगळे ९५ धावांत आटोपले. सामना संपल्यावर रहाणेने पराभवाची जबाबदारी स्वतःवर घेतली.

मातीच्या भांडातला चहा गार झाला. आणि मग सुरू झाली ती खरी चर्चा. श्रेयसला सोडायला नको होतं इथपासून ती मागे मागे गेली. सूर्यकुमार यादव चार मोसम आमच्याकडे होता, २०१८ च्या लिलावात मुंबईने तीन कोटी वीस लाखांत नेला, इथपर्यंत. पालघरच्या शार्दूल ठाकूरचीही आठवण निघाली. २०२२ च्या अखेरीस कोलकात्याने अमन खान हा तरुण खेळाडू दिल्लीला देऊन शार्दूलला आणलं. शार्दूलने ईडनवर बंगळुरूविरुद्ध २९ चेंडूंत ६८ धावा ठोकल्या, आणि अमननेही त्याच मोसमात दिल्लीला गुजरातविरुद्ध अर्धशतक काढून दिलं. "हा व्यवहार बरोबरीचा," एकजण म्हणाला. "मग पुढच्या वर्षी शार्दूलला सोडला कशाला?" दुसरा उसळला.

मी अमेरिकेतली गोष्ट सांगितली. बेसबॉलमध्ये बॉस्टनने बेब रूथ न्यूयॉर्कला विकला, ही बातमी जानेवारी १९२० मध्ये जाहीर झाली. बॉस्टनला त्यानंतर २००४ पर्यंत अजिंक्यपद मिळालं नाही. दादूंना ते फार आवडलं. "चौऱ्याऐंशी वर्षं! म्हणजे शेरा पेन्सिलीनेच लिहायला हवा."

एक कोरं पान

घरी आलो तेव्हा वहिनी जागी होती. घरात आणखी एक विषय चालू आहे हे मला तेव्हा कळलं. माझा पुतण्या डावखुरा फिरकी टाकतो. हावड्यातल्या एका छोट्या क्लबात आठव्या वर्षापासून शिकला. आता पलीकडच्या एका क्लबाने त्याला बोलावलं होतं. जायचं तर रोज पहाटे मेट्रो, बारावीचा अभ्यास मागे, आणि ज्या सरांनी त्याच्याकडून एक रुपयाही न घेता शिकवलं त्यांच्या हातात काय? दादा म्हणत होता, जाऊ दे. वहिनी म्हणत होती, बारावी होऊ दे. सर म्हणाले होते, "पाठवा." पण ते सांगताना त्यांनी वर पाहिलं नव्हतं.

मला वाटलं, दादू आता वही उघडणार. ते मात्र पुतण्याकडे वळले आणि म्हणाले, "मैदानात सही खेळाडूच करायचा. या आयपीएलमध्येसुद्धा अदलाबदल करायची तर खेळाडूची संमती लागते. आम्ही दोन दिवस तुझ्याबद्दल बोलतोय. तुला कुणी विचारलं का?"

पोरगा गोंधळला. मग हळूच म्हणाला, "जायचंय. पण रविवारी सरांकडे लहान मुलांना बॉलिंग शिकवायला यायचं. ते चालेल?"

वहिनीने दिवा मालवता मालवता विचारलं, "आणि बारावी?" त्यावर मात्र कुणाकडेच उत्तर नव्हतं.

त्या मोसमात कोलकाता आठवं आलं. श्रेयसचा पंजाब अंतिम फेरीत पोचला आणि तिथे बंगळुरूकडून सहा धावांनी हरला. मी पुण्याहून फोन करून विचारलं, शेरा काय लिहिला? "अजून कोरा आहे," दादू म्हणाले. "आणि आमचं पोरगं रविवारी सरांकडे जातं. तेवढं मात्र शाईने लिहिलंय."